रातोस दे पोरांव: बाहेर नाव झालं ते इंग्रजीमुळे की इंग्रजी असूनही?

कॅसेटवाला (धागाकर्ता)

ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा बँड 'रातोस दे पोरांव', म्हणजे तळघरातले उंदीर. १९८१ पासून वाजवतायत. हार्डकोर पंक आणि थ्रॅश (वेगवान मेटल) एकत्र घोटून जे क्रॉसओव्हर तयार झालं, त्यात लॅटिन अमेरिकेतून इतकं जिवंत दुसरं काही माझ्या कानावर आलेलं नाही. युरोपात त्यांच्या गाण्यांवर जीव टाकणारे लोक आहेत. घरी मात्र कित्येकांना गायक ज्वांव गोर्दू ठाऊक आहे तो एमटीव्ही ब्राझीलवरचा धिप्पाड, अंगभर गोंदवलेला निवेदक म्हणून.

बाहेरच्या या नावाचं श्रेय सर्रास इंग्रजीला दिलं जातं. मला ते साफ चुकीचं वाटतं. १९८९ चा 'ब्राझिल' हा अल्बम बर्लिनमध्ये हॅरिस जॉन्सच्या हाताखाली रेकॉर्ड झाला. क्रिएटर आणि सोडम या जर्मन थ्रॅश बँडचे अल्बम केलेला हा माणूस. रोडरनर या रेकॉर्ड कंपनीने अल्बम पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांत काढला. दोन्ही लागोपाठ ऐका. पोर्तुगीजमध्ये शब्दाचा शेवट नाकात घुमतो आणि नेमका स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर आदळतो. इंग्रजीत गोर्दूला अक्षरं गिळत पळावं लागतं. आज मी इंग्रजी आवृत्ती लावतच नाही.

नाशिकचा थ्रॅशर

असहमत, आणि ठामपणे. कॅसेटवाले, तुम्ही आजच्या कानांनी १९८९ चा निवाडा करताय. तेव्हा युरोपातल्या दुकानात ब्राझीलची रेकॉर्ड ठेवायला कोण तयार होतं? ब्राझीलच्याच बेलो होरिझोंतेच्या सेपल्टुरा या मेटल बँडने पहिल्यापासून मोडकीतोडकी का होईना इंग्रजी धरली, म्हणून दार उघडलं. रातोस त्याच दारातून आत गेले.

आणि घरचे हाल बघा. महागाई अशी की सकाळचा भाव संध्याकाळी राहत नव्हता. मार्च १९९० मध्ये कोलोर सरकारने लोकांचे बँकेतले पैसे गोठवले. अशा देशात रेकॉर्ड विकून चार माणसांचा बँड जगणार कसा? इंग्रजी ही हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

तीन कॉर्ड

दोघंही भाषेत अडकलात. मूळ भांडण १९८६ चं आहे. १९८४ चा 'क्रुसिफिकादोस पेलो सिस्तेमा' (व्यवस्थेने सुळावर चढवलेले) निघाला तेव्हा लष्करी राजवट अजून गेली नव्हती. गाणी मिनिट-दीड मिनिटाची, श्वास घ्यायला जागा नाही. शहरातल्या पंक पोरांना तो बँड आपला वाटायचा. मग 'देस्कान्से एम पास' आला, गिटारमध्ये मेटल शिरलं आणि तीच पोरं गद्दार म्हणाली.

हा राग बाहेर कोणाला असणार? तिकडे तर ह्यूस्टनहून निघालेल्या डी.आर.आय. या बँडने १९८७ मध्ये अल्बमचंच नाव 'क्रॉसओव्हर' ठेवलं. बर्लिन किंवा ॲमस्टरडॅमच्या श्रोत्याला रातोसमध्ये फक्त संगीत ऐकू आलं, गल्लीतलं वैर नाही. परक्या गावात मान मिळण्याचं हे कारण मला सगळ्यात पटतं.

कॅसेटवाला

तीन कॉर्ड, हा मुद्दा मी सोडून दिला होता, मान्य. पण थ्रॅशरभाऊ, इंग्रजीशिवाय दार उघडत नाही हे मला नाहीच पटत. दिल्लीचं ब्लडीवूड हिंदी-पंजाबीत ओरडून २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकन मेटल महोत्सवात वाजवून आलं की!

नाशिकचा थ्रॅशर

यूट्यूब हाताशी असताना! १९८९ मध्ये पोस्टाने कॅसेटी फिरायच्या, कॉपीची कॉपी. शब्द कळणं तर सोडाच, गिटार ऐकू आली तरी नशीब.

मडगावकर

जरा वेगळं सांगते. माझी आजी पोर्तुगीज काळात पणजीच्या लिसेवमध्ये शिकली. भाऊ हेच संगीत लावायचा, तेव्हा ती दार लोटून घ्यायची. एकदा मी गाण्यांचा कागद तिच्यापुढे धरला. चष्मा लावून बोट फिरवत वाचत गेली. 'क्रिआन्सास सेम फुतुरो'वर थांबली आणि म्हणाली, "भविष्य नसलेली मुलं. हे कोणी लिहिलंय?" पुढचा सगळा कागद तिने वाचून काढला. काही शिव्या तिला कळल्या नाहीत, ब्राझीलची बोली वेगळी. पण राग कळला. त्या दिवसानंतर दार लोटणं थांबलं.

इंग्रजी कागद असता तर तिने हातातही घेतला नसता. त्यामुळे मी कॅसेटवाल्यांच्या बाजूने.

उंबरठा

मला मूळ गृहीतकच मान्य नाही. 'घरी कोणी विचारत नाही' हे आपण इथे बसून कशावरून ठरवलं? सेपल्टुराने जगभर नाव झाल्यावर 'क्रुसिफिकादोस' हेच गाणं स्वतः रेकॉर्ड केलं. तो घरच्या माणसांनी केलेला मान नव्हे तर काय? गोर्दूच्या टीव्हीवर जाण्याला तुम्ही कमीपणा समजता. टीव्हीवर रोज दिसूनही त्याने बँड सोडला नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि २०२२ चा 'नेक्रोपोलितिका' ऐका. बोल्सोनारोच्या काळातल्या ब्राझीलवरचा संताप आहे तो, पोर्तुगीजमध्ये, आणि घरच्यांनाच उद्देशून. युरोपात मान आहे म्हणून लिहिणाऱ्या माणसाने युरोपासाठी लिहिलं असतं.

कॅसेटवाला

उंबरठा, 'कोणी विचारत नाही' असं मी म्हटलं नव्हतं. टीव्हीचा चेहरा गाण्यापेक्षा मोठा झाला, एवढंच माझं दुखणं आहे, आणि ते मी मागे घेणार नाही. पण 'नेक्रोपोलितिका'बद्दल शंभर टक्के सहमत. चाळीस वर्षांनंतर हा बँड कोणाशी बोलतोय हे त्यात स्पष्ट ऐकू येतं. ॲमेझॉनच्या जंगलतोडीवरचं गाणं त्यांनी १९८९ मध्येच केलं होतं, जंगल वाचवण्यासाठी लढणाऱ्या चिको मेंदेसचा खून होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. लिहिताना ते तेव्हाही घराकडेच तोंड करून होते.

नाशिकचा थ्रॅशर

लिहिणं घराकडे, हे मीही नाकारत नाही. माझा वाद ऐकणाऱ्यापर्यंत पोचण्याचा आहे. मला मिळालेली कॅसेट इंग्रजी आवृत्तीची होती. दोन वर्षं घासून घासून ऐकली. मग कोणीतरी सांगितलं की हेच मूळ भाषेत आहे, आणि मी ते शोधत फिरलो. मडगावकरताई, आता मीही पोर्तुगीजच ऐकतो. पण ती पहिली कॅसेट अजून कपाटात आहे आणि मी ती टाकणार नाही.