खाडीवर फेरीबोट असताना जीपीएस महामार्गाकडेच ओढतो. श्रीवर्धन ते रत्नागिरी किनाऱ्याने मार्ग कसा आखू?

दापोली_डेपोची_लेक

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ३१ वर्षं एसटीत चालक होते, त्यातली बरीचशी दापोली डेपोत गेली. आता काचबिंदूमुळे त्यांना गाडी चालवता येत नाही. या डिसेंबरात त्यांना श्रीवर्धनपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्या-किनाऱ्याने न्यायचं ठरवलंय. महामार्ग नको, ही त्यांची एकच अट. गाडी मी चालवणार, शेजारी बाबा, मागे आई. साताऱ्याहून महाबळेश्वर, आंबेनळी घाट, महाड, माणगाव, म्हसळा असं श्रीवर्धनला पोचायचं, आणि तिथून पुढे बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा तीन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या.

माझ्याकडे काचेला चिकटवायचं पाच इंची जीपीएस यंत्र आहे. फोन का नाही, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगते. मंडणगडाच्या पुढे रेंज येते-जाते, आणि यंत्राचा आवाज बाबांना नीट ऐकू येतो. त्यांना पडदा दिसत नाही, पण "चारशे मीटरवर डावीकडे" ऐकलं की ते लगेच सांगतात, तिथे वडाचं झाड असेल बघ.

अडचण अशी की गेल्या फेब्रुवारीत याच वाटेचा एक तुकडा करून पाहिला आणि फसलो. घरी संगणकावर मार्ग आखला तेव्हा रेघ बागमांडल्याहून सरळ खाडी ओलांडून वेसवीला जात होती. तीच फाइल यंत्रात टाकली. हरिहरेश्वरहून निघालो, तर यंत्राने आम्हाला मागे म्हसळ्याकडे वळवलं. तिथून आंबेत–म्हाप्रळच्या पुलावरून मंडणगड. बाबा पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाले होते, "हा म्हसळ्याचा रस्ता आहे." मी पडद्यावर विश्वास ठेवला. त्या संध्याकाळी बाणकोटची खाडी बघायची राहिली, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

दुसरं म्हणजे केळशी. मी पिन समुद्रावर टाकली होती. यंत्राने बाजारातून एका बोळात नेलं. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर सुपारीची झावळी, आणि बोळ इतका अरुंद की आरसे मिटून घ्यावे लागले. आई खाली उतरून पुढे चालत होती आणि हाताने "ये, ये, थांब" करत होती. डाव्या दारावर चिऱ्याची तांबडी रेघ उठली ती उठलीच. शेवटी ऐंशी-नव्वद मीटर रिव्हर्स घेतला.

तर संगणकावर दिसलेला मार्ग यंत्रात जाऊन का बदलतो? फेरी घ्यायला त्याला भाग कसं पाडायचं? आणि पिन नेमकी कुठे टाकायची म्हणजे असे बोळ टळतील?

---

खेडवाला_टुरिस्ट

ताई, यंत्राचं मला फार कळत नाही, रस्त्याचं सांगतो. माझी टुरिस्ट गाडी आहे, दाभोळची फेरी महिन्यातून चार-पाच वेळा होते.

शेवटची बोट किती वाजता ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. दापोलीत मुक्काम असेल तर लॉजवाल्यालाच विचारा, त्यांना रोजचं माहीत असतं. शनिवार-रविवारी, त्यातून नाताळात, धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. यंत्राला रांग दिसत नाही. ते तुम्हाला पोचायची वेळ सांगेल ती बोट समोर उभीच आहे असं धरून. दाभोळ चुकलं तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागर, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर वळसा. माझ्या अंदाजाने यंत्र दोन तास म्हणालं तर तुम्ही तीन धरा. वळणं आहेत, गुरं आहेत, आणि समोरून एसटी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं.

काही बोटींवर गाडी उलटी चढवावी लागते. माणूस उभा असतो, तो सांगेल तसं करा, घाई करू नका. आईंना आधी खाली उतरवून चालत चढू द्या. ओहोटीच्या वेळी उतार जास्त असतो आणि खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत असतो. पहिल्या गियरमध्ये, क्लच न दाबता.

बाबांना नमस्कार सांगा. दापोली डेपोचे ड्रायव्हर म्हणजे आमचे गुरू.

---

नकाशेकाका_कोल्हापूर

तुमच्या पहिल्या प्रश्नात बाकीच्या दोन्हींचं उत्तर आहे, म्हणून तो नीट उलगडून सांगतो.

संगणकावरून तुम्ही यंत्रात टाकता ती जीपीएक्स फाइल. मार्ग म्हणून पाठवलेल्या त्या फाइलमध्ये बहुतेक वेळा रस्ता नसतो, फक्त पॉइंट असतात: श्रीवर्धन, केळशी, दापोली. यंत्र ते पॉइंट वाचतं आणि त्यांच्यामधला रस्ता स्वतःच्या नकाशावर, स्वतःच्या सेटिंगनुसार नव्याने शोधतं. संगणकावरचा नकाशा वेगळा आणि यंत्रातला वेगळा असला, किंवा एकीकडे "फेरी टाळा" बंद आणि दुसरीकडे चालू असलं, की रेघ बदलणारच. पॉइंट जितके लांब लांब, तितकी यंत्राला मोकळीक जास्त.

आधी यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन काय काय टाळायचंय ती यादी बघा. टोल, कच्चा रस्ता, यू-टर्न यांच्या रांगेत फेरीही असते, तिथली खूण काढा. मग यंत्रातल्या नकाशावर बागमांडल्याची खाडी मोठी करून पाहा. पाण्यावरून तुटक रेघ गेलेली दिसली तर नकाशाला फेरी माहीत आहे. रेघच नसेल तर सेटिंग कितीही बदलली तरी उपयोग नाही, कारण यंत्राच्या लेखी तिथे रस्ता संपतो.

रेघ असो वा नसो, मी स्वतः कोकणात फेरीवर भरवसा टाकून एकसलग मार्ग कधीच आखत नाही. धक्का आला की मार्ग संपवायचा. "श्रीवर्धन ते बागमांडला धक्का" ही एक फाइल. "वेसवी धक्का ते दाभोळ धक्का" दुसरी. "धोपावे ते तवसाळ" तिसरी, "जयगड ते रत्नागिरी" चौथी. बोटीतून उतरलं की पुढची फाइल सुरू करायची. यंत्राला खाडी ओलांडायचीच नसते, म्हणून ते वळसाही सुचवत नाही. बोट बंद असेल तर तुम्ही धक्क्यावर उभे राहून मोकळ्या मनाने दुसरा मार्ग शोधू शकता.

आता पॉइंट. माझ्याकडे गार्मिन कंपनीचं यंत्र आहे, त्याच्या बेसकॅम्प या संगणकावर मार्ग आखायच्या प्रोग्रॅममध्ये पॉइंट दोन प्रकारचे असतात. एक थांबायचा: यंत्र तो आल्याचं सांगतं, आणि चुकला तर तुम्हाला परत तिकडेच वळवत राहतं. दुसरा नुसता मार्गाला आकार देणारा: त्यावरून रेघ जाते, पण यंत्र त्याचा उच्चार करत नाही. मुक्काम, जेवण, धक्का एवढेच पहिल्या प्रकारचे ठेवा, बाकी सगळे दुसऱ्या. आकाराचा पॉइंट फाट्यावर ठेवू नका. जरा इकडेतिकडे झाला तर तो चुकीच्या रस्त्यावर पडतो. फाटा ओलांडून एक-दोन किलोमीटर पुढे, जिथे आजूबाजूला दुसरा रस्ता नाही, अशा ठिकाणी ठेवा, आणि नकाशा पूर्ण मोठा करून तो रस्त्याच्या मधोमध आहे ना ते बघा. केळशीत तुमची पिन वाळूवर होती, म्हणून यंत्राने वाळूला सगळ्यात जवळचा जो रस्ता नकाशात सापडला तो घेतला. तो बोळ आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

आणि ताई, हे मनापासून सांगतो: तुमच्या घरात सगळ्यात चांगला नकाशा बसलेला आहे. बाबांना एसटीचे थांबे क्रमाने सांगायला सांगा आणि प्रत्येक थांब्यावर आकाराचा पॉइंट टाका. थांबा आहे म्हणजे तिथून एसटीसारखी लांब गाडी जाते, वळते, समोरच्याला बाजू देते. मी निवृत्त झाल्यापासून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या मोफत नकाशावर, कोकणातले रस्ते भरतोय, आणि रस्ता कितपत रुंद हे ठरवताना मी नेहमी हेच विचारतो: इथे एसटी येते का?

---

समुद्रापलीकडून

मी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहते. इथे क्रिस्तियानसान ते ट्रोन्हाइम जाणारा ई-३९ हा मुख्य रस्ताच मध्ये मध्ये फ्योर्डवर, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीवर, येऊन थांबतो आणि फेरीने पुढे जातो. यंत्र फेरीला रस्त्याचाच तुकडा मानतं, म्हणून मला ही अडचण कधी कळलीच नव्हती. सुट्टीत गुहागरला माहेरी आले तेव्हा तेच यंत्र, तीच सेटिंग, आणि धोपाव्याच्या धक्क्यावर ते मला चिपळूणला जायला सांगत होतं. काकांनी सांगितलेली तुटक रेघ नकाशात नव्हती, हे आज कळलं. धन्यवाद काका.

---

दापोली_डेपोची_लेक

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फाइली तोडल्या. "फेरी टाळा" चालूच होतं, ते काढलं. पण एक विचित्र झालं. दाभोळचे अक्षांश-रेखांश नेटवरून घेतले, १७.५८९ आणि ७३.१८०, ते यंत्रात हाताने भरले, तर पॉइंट खाडीच्या जवळपासही नाही, पार मंडणगडच्या पूर्वेला पडला. दोनदा तपासून भरले तरी तेच.

---

नकाशेकाका_कोल्हापूर

आकडे बरोबर आहेत, यंत्राची पद्धत वेगळी आहे. तुम्ही घेतलेले आकडे दशांश अंशात आहेत. यंत्र अंश आणि मिनिटं मागतंय. तुम्ही १७ नंतर ५८.९ भरलंत, ते त्याने ५८.९ मिनिटं म्हणून वाचलं. खरं तर ०.५८९ ला ६० ने गुणायचं, म्हणजे ३५.३ मिनिटं. फरक पडतो २३.६ मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणून तुमचं दाभोळ साधारण ४४ किलोमीटर उत्तरेला सरकलं. रेखांशातही तसंच, तिथे ०.१८० चे १०.८ मिनिटं होतात. सेटिंगमध्ये अक्षांश-रेखांशाची मांडणी दशांशावर आणा, मग नेटवरचे आकडे जसेच्या तसे चालतील.

---

दापोली_डेपोची_लेक

परत आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने सांगितलंत.

निघायच्या आदल्या रविवारी बाबांना पलंगावर बसवलं आणि थांबे विचारले. डोळे मिटून, मांडीवर बोटं टेकवत ते सांगत गेले. केळशी, उटंबर, आडे, पाडले, आंजर्ले. मग हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी. प्रत्येक नावापाशी ते बोटं जरा दाबायचे, जणू ब्रेकच लावतायत. कुठे चढ आहे, कुठे पुलाआधी डावीकडे खड्डा असायचा, कुठे सकाळच्या गाडीला दुधाचे कॅन चढायचे, सगळं येत गेलं. मी नकाशा मोठा करून एकेक पॉइंट टाकत होते आणि आई एका वहीत लिहीत होती. आंजर्ल्याला त्यांच्या काळी पूल नव्हता. तिथे पूल आहे आणि आपण त्यावरून जाणार म्हटल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला पुलावर मध्यभागी सांग. नदीचा वास घेतो."

यावेळी यंत्र एकदाही महामार्गाकडे वळलं नाही. बागमांडल्याला पाऊण तास रांगेत होतो. दाभोळला खेडवाल्या दादांनी सांगितलं तसं आईला आधी उतरवलं, उलटी गाडी चढवली आणि पहिल्या गियरमध्ये खाली घेतली. केळशीत पॉइंट एसटी थांब्यावर ठेवला, गाडी तिथेच लावली आणि समुद्रावर चालत गेलो. बाबा माझा हात धरून चालले.

एकच ठिकाणी चूक निघाली. हेदवीहून नरवण, रोहिले करत तवसाळला जाताना एक पॉइंट माझ्याकडून आतल्या वाडीच्या रस्त्यावर पडला होता. यंत्र म्हणालं "उजवीकडे वळा", आणि मी इंडिकेटर द्यायच्या आत बाबा म्हणाले, "सरळ." मी सरळ गेले. यंत्राने बराच वेळ मागे फिरायला सांगितलं, मग पुढच्या पॉइंटपासून रेघ परत जुळली. तो पॉइंट काढून टाकलाय. सुधारलेल्या चारही फाइली माझ्याकडे आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी निरोप टाका. काका, रोहिल्याच्या त्या फाट्याजवळचा वाडीचा रस्ता ओपनस्ट्रीटमॅपवर मुख्य रस्त्याइतकाच जाड दिसतोय. तो बारीक कसा करायचा ते सांगाल का? बाबा म्हणतात, तिथे कधीच एसटी आत गेलेली नाही.