क्रोएशियाला कोण कोण जाऊन आलंय? अनुभव लिहा

दिवाळीची आवराआवर करताना सासूबाईंच्या जुन्या पर्समध्ये एक कुनाचं, म्हणजे क्रोएशियाच्या जुन्या चलनाचं, नाणं सापडलं. 2018 मध्ये आम्ही तिघं स्प्लिटला गेलो होतो तेव्हाचं. 2023 पासून तिकडे युरो आला, पण हे नाणं काही टाकवेना.

आमची खोली डायोक्लेशनच्या राजवाड्याच्या भिंतींच्या आतच होती. या रोमन सम्राटाने इ.स. 305 च्या सुमारास बांधून घेतलेला वाडा, आणि त्यात आजही संसार चाललेत, दोऱ्यांवर कपडे वाळतात. घरमालकीण आजींना इंग्रजी येत नव्हतं, आमच्या आईंनाही नाही. पहिल्याच संध्याकाळी आजींनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "स्नाहा?" आई थबकल्या आणि एकदम म्हणाल्या, "अगं बाई, स्नुषा! हो, सून माझी!" मग काय, दोघी पायरीवर बसून शब्द जुळवत राहिल्या. दीर म्हणजे 'द्येव्हेर', आपला देवर. तीन म्हणजे 'त्री', दहा म्हणजे 'देसेत'. निघताना आजींनी ते नाणं आईंच्या मुठीत ठेवलं, माहेरवाशिणीच्या हातावर ठेवतात तसं.

आई 2021 ला गेल्या. तुमच्या आठवणी लिहा, वाचायच्या आहेत.

*

काटा आला गं. चकल्या तळतेय, नंतर नीट लिहिते.

*

आमचं राहिलंच. 2019 ला व्हेनिसपर्यंत पोचलो होतो, पण व्हिसा सिंगल एंट्रीचा. तेव्हा क्रोएशिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नव्हता, तिकडे गेलो असतो तर परत इटलीत येता आलं नसतं. एजंट एका शब्दाने बोलला नव्हता. बायको अजून हळहळते. आता 2023 पासून शेंगेनमध्येच आहे, तेव्हा जाणाऱ्यांनो, खुशाल जा.

*

दुब्रोव्हनिक!! तटावरून पूर्ण फेरी मारा, जेमतेम दोन किलोमीटर आहे, पण सकाळी आठला. उन्हात दगड तापतो. वरून कौलं बघा. फिकट ती जुनी आणि लालभडक ती 1991 च्या युद्धातल्या तोफमाऱ्यानंतर बसवलेली. लालभडकच जास्त. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

आणि क्वारंटाइनची सुरुवातही याच गावाची. 1377 मध्ये साथीच्या गावाहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचा कायदा केला होता त्यांनी. आम्ही कोविडच्या आधी गेलो, तेव्हा गाईडने सांगितलेलं कानावरून गेलं. नंतर घरात बसून आठवलं.

*

गोव्याहून लिहितोय. आमच्या कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला सां ब्राझचं चर्च आहे. हाच संत दुब्रोव्हनिकचा रक्षक, तिकडे त्याला स्वेती व्लाहो म्हणतात. फेस्त 3 फेब्रुवारीला. क्रोएशियाचे लोक हे चर्च बघायला मुद्दाम येतात. तुम्हीही या.

*

शाकाहारी माणसाने काय खायचं तिकडे?

*

@शाकाहारी: ब्लित्वा मागा. पालेभाजी, बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल. आमच्या बाबांनी चार दिवस तीच खाल्ली, पोळीची आठवण काढत. मासे खाणाऱ्यांनी काळा भात चुकवू नये, माकुलाच्या शाईतला. दात काळे होतात, पण चव!

*

ह्वार बेटावरून परतताना बुरा नावाचा तिकडचा जोराचा वारा सुटला आणि बोट रद्द. दोन लहान मुलं, पुढचं विमान चुकलेलं, मी रडकुंडीला आले. धक्क्यावरच्या कॉफीवाल्या काकूंनी मुलांना ब्लँकेट दिलं आणि पैसे घेतले नाहीत. बेटावर जाणार असाल तर विमानाच्या आदल्या रात्री मुख्य भूमीवर या. पुन्हा सांगते, आदल्या रात्री.

*

झादरचं समुद्राचं वाद्य कोणीच लिहिलं नाही? 2005 मध्ये किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली नळ्या बसवल्यात. लाट आत शिरली की हवा ढकलली जाते आणि सूर निघतो. बोट गेली की सूर बदलतो. माझ्या मुलाला ऐकू कमी येतं. तो दगडावर आडवा झाला, कान टेकवला आणि उठायलाच तयार नाही. सूर्य बुडाला तरी आम्ही तिथेच.

*

झादरवाल्या ताई, मुलाला खूप खूप प्रेम.

मी धागा काढणारी. सगळ्यांना उत्तर देते, आत्ता पाहुणे आलेत.

*

चकल्या झाल्या. आम्ही दुब्रोव्हनिकला जाताना न्यूमला मध्येच बॉस्निया देशाची पट्टी लागली होती, दोनदा पासपोर्ट दाखवले. 2022 ला ती पट्टी टाळणारा पेल्येशात्सचा पूल झाला, आता तो फेरा नाही. ते नाणं कुठे ठेवलंस गं?

*

देवघरात, आईंच्या टाकांशेजारी. भाजणीचं प्रमाण टाक ना, माझ्या चकल्या यंदा तेलात विरघळतायत.

*

मोहन जास्त झालं असेल. थांब, वहीतून बघून सांगते.