इलियाक आर्टरीत ब्लॉकेज: स्टेंट लगेच, की आधी चालणं?

रावपुराकर:
बाबा ६८ वर्षांचे. बडोद्यात रावपुरा टॉवरहून दांडिया बाजाराकडे निघाले की जरा पुढे जाताच डावा कुल्ला आवळून येतो. मग कुठल्याशा दुकानापुढे मोबाईल बघितल्यासारखं करत उभे राहतात. दोन मिनिटांत दुखणं गायब! तपासणीत डाव्या इलियाक आर्टरीत, म्हणजे पोटाकडून पायात उतरणाऱ्या मोठ्या नसेत, ब्लॉकेज निघालं. बसल्या जागी दुखत नाही, पायावर जखम नाही. माझं मत, स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवून मोकळं व्हावं. तुमचं?

वाडीतला_नाना:
घाई कसली? अमेरिकेत ‘क्लेव्हर’ चाचणी झाली, याच दुखण्याच्या १११ रुग्णांवर. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ व्यायामवाल्यांचा ५.८ मिनिटांनी वाढला, स्टेंटवाल्यांचा ३.७, नुसत्या औषधांवर १.२. कमाटीबाग जवळ आहे, चालवा.

ओपीडीत_आयुष्य_गेलं:
नाना, अर्धंच सांगितलंत. त्याच रुग्णांना ‘तुम्हाला कसं वाटतं’ विचारलं, तेव्हा स्टेंटवाले जास्त खूश होते. आणि तो व्यायाम म्हणजे बागेतली फेरी नव्हे. आठवड्यातून तीनदा, तासभर, कुणाच्या तरी देखरेखीखाली. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. आपली मंडळी दुखलं की बाकावर बसतात आणि सेव-उसळीचा विषय काढतात.

वाडीतला_नाना:
तर बसू देऊ नका! १८ महिन्यांनीही व्यायामवाले मागे पडले नव्हते. स्टेंटचं काय, आज उघडा, उद्या बंद.

ओपीडीत_आयुष्य_गेलं:
हे मांडीच्या नसेचं पाप इलियाकच्या माथी मारताय. मांडीतली नस लांब, पाय हलला की पिळली जाते, तिथे स्टेंट लवकर तुंबतात. इलियाक रुंद, रक्ताचा जोर भरपूर. पाच वर्षांनी १०० पैकी साधारण ७५ स्टेंट परत हात न लावता चालू असतात, उरलेल्यांतले बरेच पुन्हा फुगा घालून उघडता येतात. बायपास, म्हणजे ब्लॉकेजला वळसा घालून दुसरी नळी जोडणं, याहून टिकतो, पण पोट उघडावं लागतं.

माहेर_बडोदं:
सरसकट स्टेंट की आधी नुसता फुगा, हे विचारलंत का? नेदरलँड्समध्ये २७९ रुग्णांवर हेच तपासलं. फुग्यानंतरही अरुंद जागेच्या अलीकडच्या-पलीकडच्या रक्ताच्या दाबात फरक उरला तरच स्टेंट, असं धोरण ठेवलं तर ४३ टक्क्यांनाच तो लागला. पाच ते आठ वर्षांनी बघितलं तरी सरसकट बसवणारे काही पुढे नव्हते. पूर्ण बंद नसेची गोष्ट वेगळी.

रावपुराकर:
बंद नाही, अरुंद आहे. विचारतो. अडचण अशी की बाबांची सिगारेट सुटत नाही.

वाडीतला_नाना:
मग पैसे पाण्यात! डावी उघडाल, उद्या उजवी धरेल.

ओपीडीत_आयुष्य_गेलं:
इथे नानांशी भांडण नाही. सिगारेट बंद, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, हे स्टेंट बसवला तरी आणि नाही बसवला तरी लागणारच. अशा माणसाला पाय जाण्यापेक्षा हार्ट अटॅकची आणि लकव्याची भीती जास्त. पण म्हणून कुल्ल्याचं दुखणं सोसत बसा, हे मला पटत नाही.

वाडीतला_नाना:
सोसा कुठे म्हटलं? तीन महिने नेमाने चालवा, नाही जमलं तर स्टेंट आहेच. नस कुठे पळून जात नाही.