'बाडिसि' म्हणजे 'वाळवून'? (अडुळशाचा पाला)

वेणुग्राम : खोकल्याच्या घरगुती औषधांचं एक कानडी पत्रक मराठीत करायचंय. वाक्य असं : 'आडुसोगे एले बेंकियल्लि बाडिसि, रस हिंडि'. आडुसोगे म्हणजे अडुळसा, एले पान, हिंडि पिळून. आधीच्या मसुद्यात 'बाडिसि'चं 'वाळवून' केलंय. वाळल्या पानातून रस काय पिळणार? नेमका शब्द सुचवा.

कात्री : 'शेकून'. सरळ मराठी.

मलप्रभाकाठ : घोटाळा होईल. एरंडाचं पान शेकतात ते सांध्यावर बांधायला. वाचणारा अडुळसाही छातीवर ठेवेल. बाडु म्हणजे कोमेजणे, बाडिसु म्हणजे कोमेजवणे. अडुळशाचं पान कच्चंच वाटलं तर नुसता लगदा होतो, फडक्यातून थेंबभर गळतं. मग लोक पाणी घालतात आणि मात्रा बिघडते. म्हणून जून, गडद हिरवी आठ-दहा पानं धुऊन पुसायची आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर उलटसुलट करायची. मिनिट-दोन मिनिटांत चकाकी जाते, रंग मातकट होतो, देठाला धरून उचललं की पान लोंबतं. तिथंच उतरवायचं, ठेचून पिळायचं. कडा कुरकुरीत झाली की रस गेला.

निपाणी-चिकोडी : मग 'वाफवून' लिहा की ओ. इडलीपात्रात दहा मिनिटं ठेवला तरी रस सुटतो.

मलप्रभाकाठ : सुटतो, पण वाफेचं पाणी मिसळतं. शिवाय 'बेंकियल्लि' म्हणजे विस्तवावर.

जुनी पोथी : शब्द तयार आहे : पुटपाक. पाला वाटून गोळा करायचा, वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळून दोऱ्यानं बांधायचा, वर दोन बोटं जाड चिकणमाती लिंपायची, शेणीच्या विस्तवात माती लाल होऊ द्यायची. लेपाला चीर गेली तर आत करपलेला चोथा.

वेणुग्राम : पत्रक घरोघरी जाणार. 'पुटपाक' वाचून लोक दुकानात मागायला जातील.

कात्री : तर 'मलूल करून'. कानडीची छाया नको.

निपाणी-चिकोडी : मलूल अरबीतून आलाय. एवढं सोवळं कशाला? 'बाडवून' लिहा, खानापूर-बेळगावात कळेल.

कात्री : कळतं म्हणून काहीही? उद्या पाल्याला सोप्पू लिहाल. आणि म्हैसूरकडे 'बाडूट' म्हणजे मटणाचं जेवण. खोकल्यावर उतारा झकास!

तिसरी पेठ : आडुसोगेतला आडु म्हणजे शेळी ना? शेळी शिवत नाही ते झाड. तमिळमध्येही आडातोडै. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५३ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव 'जस्टिसिया अधाटोडा' केलं ते दक्षिणेतल्या नावावरूनच. अडुळसा त्याचाच भाऊ.

जुनी पोथी : अजिबात नाही. संस्कृत आटरूष, त्यातून हिंदी अडूसा, मराठी अडुळसा. शेळी आली कुठून?

निपाणी-चिकोडी : कानडीत म्हण आहे, 'आडु मुट्टद सोप्पिल्ल'. शेळीनं तोंड लावलं नाही असा पालाच नाही. आता बोला.

मलप्रभाकाठ : म्हण शेळीच्या हावरेपणाची आहे, झाडाची नाही. कडू पाला जनावर टाळतं म्हणूनच अडुळसा बांधाला लावतात. पावसाळ्यात तीन-चार पेऱ्यांची वीतभर जून काडी, दोन पेरं मातीत. पाणी साचलं की बुडाशी कुजते.

तिसरी पेठ : आणि 'सोगे'? उसाचा, पोफळीचा लांब पाला म्हणजे सोगे. आपला पदराचा सोगा तोच असणार.

जुनी पोथी : अडुळशाचं पान जेमतेम वीतभर, भाल्याच्या पात्यासारखं. ऊस कुठे, हे कुठे. संस्कृतात फुलावरून नाव आहे, सिंहास्य. पांढरं फूल, दोन ओठ, खालच्यावर जांभळट रेघा. जबडा उघडलेला दिसतोच.

वेणुग्राम : क्रियापद राहिलं बाजूला. 'तव्यावर लुळं पडेपर्यंत गरम करून' लिहितो.

मलप्रभाकाठ : चालेल. प्रमाणही द्या : मोठ्या माणसाला दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे १० मिली रस, तेवढाच मध, दिवसातून दोनदा. गर्भाशय आकुंचन पावतो, त्यामुळे गर्भवतींनी घेऊ नये ही ओळ ठळक हवी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. थुंकीतून रक्त पडत असेल तर रस करत बसू नये, डॉक्टर गाठावा.

कात्री : 'लुळं' हातापायांना म्हणतात. पान मलूलच होतं. आणि अडुळशातला 'डु' ऱ्हस्व ठेवा.

तिसरी पेठ : शेळीच्या आडुतलाही ऱ्हस्वच आहे हो!