मामाची जुनी ट्रॅक सायकल रोज एमआयडीसीला न्यायचीय, ब्रेकचं काय करू?

चटईवाला_जळगाव
नमस्कार मंडळी, जरा लांबडं आहे पण पूर्ण वाचा भो. माझे मामा भुसावळला रेल्वेत होते, तरुणपणी शर्यतीच्या ट्रॅकवर सायकल पळवायचे. ती सायकल वीसेक वर्षं माळ्यावर पडून होती, होळीच्या आधी माळा साफ करताना खाली निघाली न मामी भंगारवाल्याला हाक मारणार तेवढ्यात मी पोहोचलो. आता माझ्या ओट्यावर उभी आहे. स्टीलची फ्रेम, गंज वरवरचा, पुढे ४८ दात मागे १५, फिक्स, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. ब्रेक एकही नाही. टायर ट्यूबलर, रीमला चिकटवलेले, ते तर वाळलेल्या गवारीसारखे कडक झालेत.

मला पिंप्राळ्याहून एमआयडीसीत चटईच्या कंपनीत जायचं असतं, एका बाजूने आठेक किमी, पेट्रोलला वैतागलोय. एकदा गल्लीत चालवून पाहिली तर सवयीने पाय थांबवायला गेलो न पायडलने असा झटका दिला की सरळ समोरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) खाटेवर. काकू अजून बोलत नाहीत.

तर हिला फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं मागचं दाती चक्र) बसते का, ब्रेक कुठे लावायचे, आणि डबा ठेवायला कॅरियर पाहिजे कारण शेवभाजी असली की पाठीवरच्या बॅगेत रस्सा सांडतो. दुकानदार म्हणतो हे सगळं फेका, साध्या सायकलीचं २८ चं चाक टाकून देतो. टाकू का?

शिरपूरकर
भो, मनं ऐक, ती भीतवर टांगी दे न एक साधी हायब्रीड ली ले. मामाची आठवण बी राहीन न तुझे दात बी राहतीन.

पाना_पक्कड
दुकानदाराचं अजिबात ऐकू नको. साध्या काळ्या सायकलीची २८ ची रीम ६३५ मिमीची असते, तुझी फ्रेम ७०० सी ची, म्हणजे ६२२. ते चाक आत घासणार किंवा बसणारच नाही. तुझा मागचा हब (चाकाच्या मधला भाग) १२० मिमीचा आहे, तो सोन्यासारखा जप, फ्रीव्हील त्याच्यावरच बसते. कॉगचे (तुझ्या मागच्या १५ दाती चक्राचे) आटे न आपल्याकडे मिळते त्या १८ दाती साध्या फ्रीव्हीलचे आटे एकच, १.३७ इंच व्यास न इंचाला २४ आटे. तरी आधी हाताने दोन-तीन फेरे फिरवून बघ, लोण्यासारखी चढली तर ठीक, अडली तर पान्याने रेटू नको, जुना हब आहे, वेगळ्या आट्यांचाही निघू शकतो.

आता नीट वाच, इथेच लोक हब खराब करतात. कॉगच्या बाहेर जी पातळ रिंग आहे तिचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. का तर फिक्समध्ये पाय मागे रेटून वेग कमी करताना कॉग सुटायच्या दिशेला जातो, तो धरून ठेवायला ही उलटी रिंग. ती निघाली की कॉग. त्याला चेन व्हिप (चेनचा तुकडा लावलेला पाना) लागतो, नसेल तर चाक फ्रेममध्येच ठेव, नट ढिले पण पडेल एवढे नको, बीबीच्या नळीला (पायडलचा आस जिच्यातून जातो ती) जाड फडकं गुंडाळ, जुनी चेन कॉगवर घालून त्या नळीवर आवळ आणि चाक पुढच्या दिशेने जोर लावून फिरव. कट्ट करून सुटतो. मी कॉलेजात असताना असाच काढलेला, फडकं पातळ घेतलं म्हणून फ्रेमचा रंग गेला तेवढं सोड.

गिअरचं सांगतो. ४८/१५ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात गाडी साधारण पावणेसात मीटर जाते, ते सपाट ट्रॅकवर वेग धरल्यावर ठीक, अजिंठा चौफुलीला दर सिग्नलनंतर शून्यातून उचलायला गुडघे जातील. ४८/१८ केलं की ५.६ मीटर. मे मध्ये दुपारच्या शिफ्टला समोरून वारा असला की तेही जड वाटेल, मग २० दाती टाक.

ट्यूबलर सोडच. आपल्याकडे ४५ डिग्रीत कंपनीच्या शेडबाहेर उभी केली की तो गोंद मऊ पडतो, न वळणावर टायर रीमवरून सरकला की तू खाली. पण साधा टायर ट्यूबलरच्या रीमवर बसत नाही, रीम बदलावी लागेल. हबची भोकं मोज, ३२ असतील किंवा ३६, तेवढ्याच भोकांची ७०० सी रीम घे. तारा बहुतेक नव्या लागतील, लांबी बदलते.

तापीकाठ
एवढा खटाटोप कशाला, फिक्सच ठेव न पुढे एक ब्रेक लाव. महिनाभरात पायाला सवय होते. मी दोन वर्षं चालवतोय, चेन कधी उतरली नाही, खर्च शून्य.

पाना_पक्कड
तापीकाठ, तुमचं चुकीचं नाही, पण हा माणूस आठ तासांची शिफ्ट करून झोपेत घरी येणार, समोर रावेरकडचा केळीचा ट्रक अचानक थांबला तर पाय थांबवायची सवय काय करते ते काकूंच्या बिबड्यांनी दाखवलंय. फ्रीव्हील बरी. मात्र फ्रीव्हील टाकली की पायाने थांबवायची सोय गेली, म्हणून ब्रेक दोन पाहिजेत, एक नाही.

पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या डोक्यात ब्रेकसाठी भोक आहे का बघ. मागे जी आडवी बारीक नळी आहे तिच्यात मागच्या ब्रेकसाठी नुसतं ड्रिल घालू नको, पातळ पोकळ नळी, ब्रेक दाबला की पिळते. तिथे आतून छोटी नळी बसवून पितळेचं गॅस वेल्डिंग करून घ्यायचं, साधं आर्क वेल्डिंग केलं तर फ्रेम जळेल.

चटईवाला_जळगाव
अपडेट. चिमटा रॉकेलने धुतला तर काळ्या ग्रीसखाली भोक निघालं, लाकडाची खुंटी ठोकून बुजवलेलं! मामांना फोन केला तर म्हणे अरे सकाळी रोडवर प्रॅक्टिसला पुढचा ब्रेक लावायचो, ट्रॅकवर ब्रेक चालत नाही म्हणून मॅचच्या आधी काढायचो. मग आधी नाही का सांगायचं.

हब ३६ भोकांचा निघाला, रीम झाली, ७०० सी चे २८ मिमी रुंद टायर घेतले. फ्रीव्हील हाताने चढली. पण १८ दात टाकल्यावर चाक एक सेंटिमीटर पुढे आलं न टायर फ्रेमला टेकला, मग नवी चेन घेऊन एक जोड जास्त ठेवला तेव्हा मागे सरकलं. टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी कापून टाकलीय, बाभळीच्या काट्यांसाठी. वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, ते नॉर्मल आहे का?

पाना_पक्कड
नॉर्मल आहे, ट्रॅक फ्रेमचं पुढचं चाक जवळ असतं. हळू वळताना बाहेरचा पाय मागे ठेव. चेन मध्यभागी अर्धा इंच हलली पाहिजे, ताणून ठेवू नको. मडगार्ड पूर्ण लांबीचं घेऊ नको, तुझं चाक मागच्या बाजूने निघतं, पंक्चर झालं की आधी मडगार्ड खोलत बसशील. सीटपोस्टला अडकवायचं छोटं घे. कॅरियरला फ्रेमवर भोकं नसणार, रबर लावलेल्या पट्टीच्या क्लॅम्पने बांध, शेवभाजीचा डबा तेवढ्यावर राहतो.

शिरपूरकर
माघार घेतो भो. फोटो टाक.

चटईवाला_जळगाव
फोटो मागचा ब्रेक झाल्यावर. फ्रेम सोमवारी गॅस वेल्डिंगवाल्याकडे देतोय, तोवर कंपनीत बाईकच. मामा रविवारी बघायला येताहेत, १५ चा कॉग कुठे ठेवला म्हणून दोनदा फोन झालाय.

पाना_पक्कड
तेल लावून कागदात गुंडाळ, न ती उलट्या आट्यांची रिंग त्याच्यासोबतच तारेने बांध. कॉग एकवेळ मिळेल, रिंग शोधत फिरशील.