घरगुती इंग्लिश व्हीलचा सांगाडा: पाइप जाड घ्यावा की खोल?

मडगार्ड
नमस्कार. जुन्या स्कूटरची मडगार्डे आणि जीपचे बॉनेट यांच्या कामासाठी घरामागच्या शेडमध्ये इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा दाबत फिरवून त्याला फुगवटा देणारे यंत्र) उभे करायचे ठरवले आहे. वरचे ८ इंची चाक आणि खालची ३ इंची चाके लेथवर तयार होत आली आहेत. प्रश्न उरला आहे तो सी-आकाराच्या सांगाड्याचा. चाकापासून मागच्या खांबापर्यंत ६०० मिमी आणि वरच्या-खालच्या हातांमध्ये ७०० मिमी अंतर ठेवायचे आहे. १०० बाय १०० बाय ५ मिमीचा चौकोनी पाइप माझ्याकडे पुरेसा पडून आहे. पण दाब दिल्यावर हलका सांगाडा उघडतो आणि पत्रा एकसारखा ताणला जात नाही, असे कारागीर सांगतात. मग १० मिमी जाडीचा पाइप आणावा, की आहे त्यातच काँक्रीट भरावे? काम मुख्यतः २० गेजच्या सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याचे आहे.

ओळंबा
दोन्हींपैकी काहीही करू नका, असे माझे मत आहे. पाइपचा ताठपणा त्याच्या जाडीपेक्षा खोलीवर, म्हणजे वाकण्याच्या दिशेतील मापावर, फार अधिक अवलंबून असतो. त्याच बाहेरील मापात जाडी ५ वरून १० मिमी केली, तर वजन जवळजवळ दुप्पट होते आणि ताठपणा मात्र सुमारे १.७ पटच वाढतो. याउलट १५० बाय १०० बाय ५ चा पाइप उभा लावला, तर वजन सव्वापट होऊन ताठपणा २.६ पट मिळतो. अधिक मजबूत प्रतीचे पोलाद आणूनही फरक पडणार नाही, कारण लवचीकतेचा गुणांक, म्हणजे धातू मुळात किती ताठ आहे याचे माप, सर्व सामान्य पोलादांत साधारण सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो.

आता आपल्या मापांचा हिशेब पाहू. चाकांमधला दाब २०० किलो धरला, तर आपल्याकडच्या पाइपचा सांगाडा चाकांपाशी सुमारे १.४ मिमी उघडेल, आणि त्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा हातांचा नसून मागच्या खांबाचा असेल. बहुतेक जण हातांनाच गसेट (कोपऱ्यातल्या त्रिकोणी आधारपट्ट्या) मारत बसतात. खांबावर मात्र वरपासून खालपर्यंत सारखाच वाकवणारा जोर येतो, हे लक्षात घेत नाहीत. म्हणून तोच १०० चा दुसरा पाइप खांबाच्या मागे जोडा. दोन पाइप मिळून २०० मिमी खोली होते, खांब पाचपटींहून ताठ होतो आणि एकूण उघडणे सुमारे ०.७ मिमीवर येते. यासाठी नवा पाइप आणावाच लागणार नाही.

काँक्रीटचा गुणांक पोलादाच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकाच असतो आणि ताणाच्या बाजूला ते तडकते, त्यामुळे त्याचा लाभ थोडा आहे. वाळूने ताठपणा मुळीच वाढत नाही. खडखडाट मात्र कमी होतो.

उद्यमनगर
वरील हिशेबाशी मी सहमत आहे, पण आयबीमचाही (इंग्रजी I आकाराच्या छेदाच्या तुळईचाही) विचार व्हावा. १५० चा आयबीम मीटरला सुमारे १५ किलो भरतो, म्हणजे जवळपास आपल्या पाइपइतकाच, आणि उभ्या दिशेने अडीचपट ताठ असतो. मात्र तो उघडा छेद असल्याने पिळाला फार कमी विरोध करतो. पत्रा तिरका ढकलताना हात पिळला, की वरचे चाक खालच्या चाकावर सरळ बसत नाही. बीम वापरायचाच असेल, तर दोन्ही बाजूंना पट्ट्या वेल्ड करून तो बंद पेटीसारखा करावा लागेल. एवढे वेल्डिंग करण्यापेक्षा भंगारात मोठा बॉक्स पाइप शोधणे परवडते.

जुना फिटर
थोडी लवचीकता मला वाईट वाटत नाही. वेल्डचा सांधा चाकाखालून जाताना अतिताठ सांगाडा तिथे एकदम चिमटा घेतो. तरीही नवशिक्याने ताठ सांगाडाच करावा, कारण दाब खालच्या स्क्रूने कमी करता येतो. सांगाड्याचा ताठपणा मागाहून वाढवणे अवघड असते.

दोन पाइप जोडताना खांबाच्या दोन्ही टोकांशी पूर्ण वेल्ड मारा. मधल्या भागात तुटक वेल्ड चालेल. बाजू आलटून पालटून घ्या, नाहीतर खांब एका बाजूला ओढला जाईल. चाकांच्या फोर्कची (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या कंसांची) भोके सगळे वेल्डिंग थंड झाल्यावरच पाडा आणि ती लांबट ठेवा, म्हणजे दोन्ही धुरा समांतर करता येतील. मग पत्र्याची अरुंद पट्टी पुढेमागे चालवून पाहा. ती एका बाजूला सरकू लागली, तर फोर्कखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालावी लागेल.

मडगार्ड
सर्वांचे आभार. खांब दुहेरी करतो. हातांमधले अंतर ७०० वरून ५५० मिमी केले, तर मडगार्डसारखा खोल भाग फिरवताना अडचण येईल का?

ओळंबा
फुगवटा वर येतो आणि कडा खाली झुकतात, त्यामुळे मोकळी जागा खालच्या चाकाखाली लागते, वर नव्हे. खालचे चाक उंच दांड्यावर ठेवा आणि वरचा हात निर्धास्त खाली आणा; खांबाचा वाटा उंचीच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे तिथेही पाचवा हिस्सा वाचेल.