मदत हवी आहे: गोल्फमध्ये बंकरवरून मारूनही चेंडू ग्रीनच्या अलीकडेच

यार्डाचा_हिशोब: लवकर सांगा, रविवारी मॅच आहे. पार थ्री होल, म्हणजे पहिल्याच फटक्यात ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पोचायचं. डावीकडे मोठा बंकर (वाळूचा खड्डा), ग्रीनला अगदी चिकटून. त्याच्यावरून चेंडू नीट जातो, तरी ग्रीनवर पोचत नाही. स्विंग (काठी फिरवायची पद्धत) बदलू का?

बावधनकर: किती यार्ड? चढ आहे का? क्लब (काठी) कोणता? काहीच लिहिलेलं नाही.

वाळूचा_किल्ला: बंकरमधून काढायला सँड वेज (वाळूतून मारायचा क्लब) उघडा धरा, चेंडूच्या थोडं मागे वाळूत मारा आणि हात मध्येच थांबवू नका.

यार्डाचा_हिशोब: अहो, बंकरमध्ये जातच नाही! सात नंबर आयर्न, होल सपाट.

चार_डोळे: प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे का? मी खेळताना साधा लावायला लागलो आणि अंतराचा गोंधळ संपला.

जुना_मेंबर: चष्म्याचा काय संबंध? बंकर ग्रीनला चिकटलेला नाहीच, तसा भासवलाय. त्याची कड उंच केली की पलीकडचा खोलगट पट्टा टीवरून (जिथून पहिला फटका मारतो तिथून) दिसत नाही. वाळू संपली की लगेच ग्रीन, असं वाटतं. गोल्फ कोर्स आखणारा अलिस्टर मॅकेन्झी आधी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात डॉक्टर होता. बोअरांनी खंदक कसे लपवले ते त्याने तिथे पाहिलं आणि पुढे कोर्स आखताना वापरलं. अमेरिकेतल्या ऑगस्टा कोर्सचा दहावा होल बघा, बंकर कुठे आणि ग्रीन कुठे!

बावधनकर: ते उदाहरण चुकीचं. तिथलं ग्रीन आधी बंकरला लागूनच होतं. १९३७ मध्ये पेरी मॅक्सवेल या दुसऱ्या कोर्स आखणाऱ्याने ते मागे उंचावर नेलं, बंकर तिथेच राहिला. फसवायचा हेतू नव्हता.

जुना_मेंबर: हेतू नसेल, पण नजर फसतेच ना? यार्डाचा_हिशोब, ग्रीनवरून उलटं टीकडे चालत या. मधली जागा आपोआप दिसेल.

मुठेकाठी: आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतात. या ग्रीनना पाणी कुठून देतात?

बावधनकर: प्रश्न रास्त आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि उलटं चालायला मागचे लोक थांबणार आहेत का? सरळ रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) लावा, एकदा बंकरच्या कडेवर, एकदा झेंड्यावर.

जुना_मेंबर: यंत्र आकडा देतं. जमीन कळायला चालावंच लागतं.

यार्डाचा_हिशोब: आज मित्राचा रेंजफाइंडर लावून पाहिला. कड १२४, झेंडा १५१. मध्ये सत्तावीस यार्ड! डोळ्यांना पाचसुद्धा वाटत नाहीत. मग स्विंग राहू दे, सहा नंबर (सातपेक्षा लांब जाणारा) घेऊ ना?

बावधनकर: झेंडा ग्रीनच्या पुढच्या भागात होता की मागच्या? आणि तुमचं सात नंबर एरवी किती जातं?